गुहाचित्रं काढणारी माणसं: ‘का’ विचारण्याआधी ‘कशी’ पाहू

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या वर्गातल्या तक्त्यावर कातडं गुंडाळलेला एक दाढीवाला पुरुष गुहेत एकटाच बसून भिंतीवर बैल रंगवतो आहे. खाली ओळ आहे, ‘आदिमानव शिकार यशस्वी व्हावी म्हणून चित्रे काढत असे.’ मुलांनी विचारलं, तो माणूस नेमका कोण होता, इतक्या अंधारात कशाला गेला, आणि हे हजारो वर्षांपूर्वीचं आहे हे कोणी ठरवलं? बाईंना ती ओळ अपुरी वाटली, म्हणून त्यांनी सविस्तर उत्तर मागितलं आहे.

मी वीसहून जास्त वर्षं रंगवलेल्या शैलाश्रयांची, म्हणजे चित्रं असलेल्या खडकांच्या आडोशांची, नोंद करतो. मोजमापं घ्यायची, फोटो काढायचे, कुठलं चित्र कशाच्या वर आलंय त्याचे आराखडे करायचे, हे माझं काम. त्या अनुभवावरून सांगतो, तक्त्यातल्या चार गोष्टी चुकीच्या किंवा संशयास्पद आहेत: एकटा असणं, पुरुष असणं, गुहेत राहणं आणि शिकारीसाठी काढणं. त्या का ते सांगतो, पण उलट्या क्रमाने. ‘का काढलं’ याची खूण भिंतीवर राहत नाही. ‘कसं काढलं’ याच्या खुणा मात्र भरपूर राहतात. ओघळलेला रंग, काजळी, खरवडलेला दगड, बोटांची रुंदी, जमिनीवरची पावलं. आधी त्या वाचायच्या, मग हेतूबद्दल बोलायचं.

सुरुवात राहण्यापासून. चित्रं असलेल्या खोल गुहांमध्ये ती माणसं राहत नव्हती. त्यांचा मुक्काम गुहेच्या तोंडाशी, कड्याखालच्या आडोशाला किंवा उघड्या माळावर तंबूंमध्ये असे. चुलींची राख, हाडं, दगडी अवजारांच्या कपच्या सापडतात त्या मुख्यतः तिथेच. आत फक्त जाऊन यायचं. आणि ते जाणं सोपं नव्हतं. फ्रान्समधल्या नियो गुहेत ‘काळं दालन’ नावाची जागा आहे, तिथे बायसन, घोडे आणि रानबोकड काळ्या रेषांत काढलेले आहेत. तोंडापासून ती जागा 700 मीटरहून आत आहे. तिथे आजही विजेची रोषणाई नाही, पाहणारे हातात बॅटरी घेऊन जातात. मी गेलो तेव्हा दालनात पोचल्यावर आमच्या वाटाड्याने सगळ्यांना बॅटऱ्या बंद करायला लावल्या. स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नव्हता. त्या क्षणी कळलं की इथे येणारा माणूस चुकून आलेला नाही. तो ठरवून, उजेडाची तयारी करून आलेला आहे.

उजेडाची तयारी म्हणजे काय, तेही सापडलं आहे. फ्रान्समधल्याच लास्को गुहेत शंभराहून अधिक दगडी दिवे मिळाले. बहुतेक म्हणजे नुसते खोलगट दगड, पण एक लाल वालुकाश्माचा, घासून गुळगुळीत केलेला आणि दांडा असलेला आहे. इंधन जनावराची चरबी, वात वनस्पतीची. एका दिव्यात जुनिपरच्या काड्यांचे अवशेष मिळाले. मेणबत्तीएवढाच उजेड, पण धूर कमी. मशालींचं गणित वेगळं. संशोधकांनी तशाच मशाली करून गुहेत जाळून पाहिल्या, त्या सरासरी 40 मिनिटांच्या आसपास चालल्या. म्हणजे आत जाण्याचा, काम करण्याचा आणि परत येण्याचा वेळ धरून लाकूड, चरबी, राखीव दिवे न्यावे लागणार. कोणीतरी उजेड धरायचा, कोणीतरी रंग वाटायचा. लास्कोच्या एका दालनात भिंतींमध्ये खाचा आहेत, तिथे लाकडं अडकवून मचाण बांधलं असावं असं मानतात, कारण चित्रं हाताच्या टप्प्याच्या बाहेर आहेत. त्याच गुहेत मातीत पिळाच्या दोरखंडाचा ठसाही मिळाला. मचाण, दोर, दिवे, रंग. हे एकट्याने हौसेने केलेलं काम वाटत नाही. लास्कोतला सर्वांत मोठा बैल पाच मीटरहून लांब आहे. तो काढताना काढणाऱ्याला आपण काढतोय तो बैल एका नजरेत दिसतही नव्हता. तरी त्याची प्रमाणं सुटलेली नाहीत.

दिव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी फोटोत कधीच येत नाही. फोटो सपाट उजेडात काढलेला असतो, दिवा बाजूने येतो आणि हलतो. भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा त्यात सावली टाकतो. स्पेनमधल्या आल्तामिराच्या छतावर जे बायसन आहेत त्यांतले कितीतरी खडकाच्या फुगवट्यांवर बसवलेले आहेत. जनावराचा खांदा, पोटाचा गरगरीतपणा खडकाचाच आहे, रंगाने फक्त बाकीचं पुरं केलं. खडकात आधी जनावर दिसलं आणि मग ते काढलं, हा क्रम अनेक गुहांमध्ये ओळखता येतो. माझ्या मते या कलेबद्दलची ही सर्वांत खात्रीची आणि सर्वांत हृद्य माहिती आहे: त्या माणसांनी भिंतीकडे कोरा कागद म्हणून पाहिलं नाही.

आता रंग. लाल म्हणजे गेरू, त्यात लोहाचं ऑक्साइड, हेमॅटाइट. पिवळी काव तापवली की लाल होते आणि हे त्यांना माहीत होतं. काळा रंग लाकडाच्या कोळशाचा किंवा मँगनीजच्या खनिजाचा. पांढरी चिकणमाती काही प्रदेशांत. हे सगळं फोडायचं, दगडावर वाटायचं, पाण्यात किंवा चरबीसारख्या कशात तरी कालवायचं. नियोच्या परिसरातल्या रंगांत दुसऱ्या खनिजांची पूडही मिसळलेली आढळली, म्हणजे रंग पुरवून वापरणं किंवा तो नीट बसवणं याच्या ठरलेल्या कृती होत्या. गेरू वाटण्याचा सराव तर याहून कितीतरी जुना. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सागरी शिंपल्यांमध्ये कालवलेला गेरू, वाटायचे दगड आणि ढवळायचं हाड असा सगळा संच मिळाला, सुमारे 1,00,000 वर्षांपूर्वीचा. त्याच गुहेत दगडाच्या एका तुकड्यावर गेरूच्या कांडीने ओढलेल्या आडव्यातिडव्या रेषा आहेत, त्या सुमारे 73,000 वर्षांपूर्वीच्या. भिंतीवरच्या पहिल्या जनावराच्या मागे एवढी मोठी उमेदवारी आहे.

लावायची पद्धत एकच नव्हती. बोट, ब्रश, कातड्याची किंवा शेवाळाची पुरचुंडी, कोळशाची कांडी. आणि तोंड. फ्रान्समधल्या पेश-मेर्ल गुहेत ठिपकेवाले दोन घोडे आहेत, त्यांच्याभोवती हातांच्या आकृत्या. पुरातत्त्वज्ञ मिशेल लोर्ब्लांशे यांनी ते तोंडात रंग घेऊन भिंतीवर फवारत, हात आडोशासारखा धरून कडा सांभाळत, दुसऱ्या एका भिंतीवर जसेच्या तसे काढून पाहिले. 32 तास लागले. या प्रयोगाचं मोल मला फार वाटतं, कारण त्यातून काढणाऱ्याचा श्वास मोजता आला. तो ठिपका म्हणजे कोणाच्या तरी तोंडातून निघालेली एक फुंकर आहे. या घोड्यांची दुसरीही एक गोष्ट आहे. बरीच वर्षं लोक म्हणत, ठिपके काल्पनिक आहेत, मंत्रतंत्राचे आहेत, त्या काळात असे घोडे नव्हतेच. 2011 साली जुन्या घोड्यांच्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हिमयुगातल्या काही घोड्यांमध्ये ठिपक्यांचं जनुक खरोखर होतं हे दिसलं. काढणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं काढलं होतं. आम्ही त्याला उगाच गूढ ठरवत होतो.

पाहण्याबद्दलच आणखी. 2012 साली हंगेरीतल्या अभ्यासकांनी चार पायांच्या जनावरांची चालताना पावलं कशी पडतात हे चित्रांमधून तपासलं. गेल्या काही शतकांतल्या, पण घोड्याच्या चालीचे क्रमवार फोटो निघण्याआधीच्या कलाकारांची 83.5 टक्के चित्रं चुकीची निघाली. प्रागैतिहासिक चित्रांत चुकीचं प्रमाण 46.2 टक्के. शिकून तयार झालेल्या चित्रकारांपेक्षा गुहेतल्या माणसाला जनावराची चाल जास्त बरोबर ठाऊक होती. आयुष्य त्या कळपांच्या मागेपुढे गेलेलं, आश्चर्य नाही.

‘आदिमानव’ या शब्दाने जो समज होतो तो फ्रान्समधल्या शोव्हे गुहेने मोडला. 18 डिसेंबर 1994 रोजी तिघे गुहाशोधक एका फटीतून येणारी हवा लागली म्हणून दगड बाजूला करत आत शिरले. आत सिंहांचे कळप, समोरासमोर भिडलेले गेंडे, एकामागे एक मान काढलेले घोडे. काढण्याआधी भिंत खरवडून पांढरी केलेली, कोळसा बोटाने पसरून छाया दिलेली, कडा पुन्हा कोरून उठावदार केलेल्या. शैली पाहून सगळ्यांनी ती लास्कोच्या जवळपासची धरली असती. कोळशाचं वय आलं 36,000 वर्षांच्या आसपास, म्हणजे लास्कोच्या कितीतरी आधीचं. तोवर शिकवत असत की आधी ओबडधोबड रेषा आल्या, मग हळूहळू सफाई आली. ते चूक होतं. सफाई सुरुवातीच्या टप्प्यातच आहे. आणि असा हात एका रात्रीत बसत नाही, कोणीतरी शिकवलेला असतो. शोव्हेतला सिंह ही कोणाची तरी पहिली रेघ नाही. त्याच्या आधीच्या शंभर रेघा वाळूत, कातड्यावर, लाकडावर, अंगावर काढल्या गेल्या असणार, आणि त्या टिकल्या नाहीत.

ही टिकण्याची गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. आपण ‘गुहाचित्रं’ म्हणतो ते त्यांनी गुहेतच काढली म्हणून नव्हे, तिथली राहिली म्हणून. पोर्तुगालमध्ये कोआ नदीच्या खोऱ्यात उघड्या खडकांवर त्याच काळातली कोरलेली जनावरं आहेत. ती धरणाखाली जाणार होती, 1990च्या दशकात धरण थांबवून वाचवली. कोरीव होती म्हणून राहिली. उघड्यावरचा रंग पावसाने केव्हाच नेला असेल. फ्रान्समधल्या मार्से शहराजवळच्या कोस्के गुहेचं तोंड तर आज समुद्राच्या 37 मीटर खाली आहे. हिमयुगात पाणी बर्फात अडकलेलं, समुद्र खूप खाली होता, माणसं चालत आत गेली. नंतर समुद्र चढला आणि गुहेचा मोठा भाग बुडाला, वरच्या भागातली चित्रं तेवढी कोरडी राहिली. तिथल्या भिंतींवर आता नामशेष झालेले ‘ग्रेट ऑक’ हे समुद्रपक्षी आहेत. बुडालेल्या भागात काय होतं ते गेलंच.

आता तक्त्यातला दाढीवाला पुरुष. ही माणसं शरीराने आणि मेंदूने तुमच्याआमच्यासारखीच, होमो सेपियन्स. लास्कोच्या काळात त्यांच्याकडे नेढं असलेल्या हाडाच्या सुया होत्या, म्हणजे कपडे शिवलेले होते, गुंडाळलेले नव्हते. जर्मनीतल्या गुहांमध्ये पक्ष्याच्या हाडाच्या आणि मॅमथच्या दाताच्या बासऱ्या मिळाल्या, सुमारे 40,000 वर्षांपूर्वीच्या. तक्त्यांवर त्यांना गोरं रंगवतात त्यालाही आधार नाही. स्पेनमध्ये मिळालेल्या 7,000 वर्षांपूर्वीच्या एका शिकारी माणसाच्या डीएनएवरून त्याची कातडी सावळी आणि डोळे निळे असल्याचं दिसतं. हिमयुगातले युरोपीय त्याहून गोरे असण्याचं कारण नाही.

पुरुषच होते का? हाताच्या आकृत्यांवरून हा प्रश्न तपासता येतो. भिंतीवर हात ठेवून भोवती रंग फुंकला की हात काढल्यावर मोकळी जागा उरते. डीन स्नो यांनी फ्रान्स आणि स्पेनमधल्या 32 हातांची मापं घेऊन बोटांच्या लांबीच्या प्रमाणावरून सुमारे तीन-चतुर्थांश हात स्त्रियांचे असल्याचा निष्कर्ष 2013 साली मांडला. माझं मत विचाराल तर या आकड्यावर सगळा भार टाकू नये. नमुना लहान आहे आणि वयात येणाऱ्या मुलांचे हात स्त्रियांच्या हातांसारखेच मोजले जाऊ शकतात. पण ‘फक्त पुरुष’ हे म्हणायला तर काहीच पुरावा नव्हता, कधीच नव्हता. तो आमच्या डोक्यातला होता.

मुलांबद्दल मात्र शंका नाही. फ्रान्समधल्या रूफिन्याक गुहेत मऊ भिंतींवर आणि छतावर बोटांनी ओढलेल्या रेघा आहेत. केविन शार्प आणि लेस्ली व्हॅन गेल्डर यांनी तीन मधल्या बोटांची एकत्र रुंदी मोजून त्या कोणी ओढल्या हे वेगळं केलं. त्यांतल्या काही पाच वर्षांच्या आसपासच्या मुलाच्या आहेत, आणि काही अशा उंचीवर की त्या मुलाचा हात तिथे पोचूच शकत नाही. कोणीतरी त्याला उचलून खांद्यावर किंवा कडेवर घेतलं होतं आणि घेऊन चालतही होतं, कारण रेघा पुढे सरकत जातात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. तुमच्या मुलांना हेच सांगा: त्यांच्याएवढ्या, त्यांच्याहून लहान मुलांनी त्या भिंतींना हात लावला आहे. शोव्हेतही एका लहान मुलाच्या पावलांची रांग आहे, आठएक वर्षांचं असावं, आणि वाटेत भिंतीवर मशाल टेकवल्याच्या काळ्या खुणा. तिथेच लाल तळव्यांनी भरलेला एक भाग आहे, त्यातल्या एका माणसाची करंगळी वाकडी होती. तीच वाकडी करंगळी गुहेत दुसऱ्या ठिकाणीही ओळखू येते. छत्तीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला एका बोटावरून दोनदा ओळखणं, आमच्या कामात याहून मोठा आनंद मला माहीत नाही.

तर मग ‘का’. शिकारीच्या जादूची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आबे ब्रॉय या फ्रेंच धर्मगुरू-संशोधकाच्या प्रभावाने रुजली आणि शालेय पुस्तकांत मुक्कामाला राहिली. तिच्यातली अडचण लास्कोतच दिसते. तिथे खाऊन टाकलेली हाडं बहुतांश रेनडिअरची आहेत, पण भिंतींवरच्या शेकडो प्राण्यांत रेनडिअर जेमतेम एक सापडतो. घोडे, रानबैल, सांबरासारखी हरणं यांनीच भिंती भरल्या आहेत. शोव्हेत तर सिंह, गेंडे, अस्वलं, मॅमथ मोठ्या संख्येने आहेत. हे काही रोजचं जेवण नव्हतं. बाण किंवा जखमा दाखवलेली जनावरं थोडीच. पुढे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंद्रे लर्वा-गुराँ यांनी गुहेत कुठलं जनावर कुठे येतं याची मोजदाद करून घोडा आणि बायसन या जोडीभोवती एक रचना मांडली. ती रचना पुढे टिकली नाही, पण कुठे काय आहे ते मोजायची शिस्त तिने लावली. नंतर डेव्हिड लुईस-विल्यम्स आणि जाँ क्लोत यांनी भिंत म्हणजे दुसऱ्या लोकात जाण्याचा पडदा आणि चित्रं म्हणजे भगताच्या तंद्रीतले अनुभव, असं सुचवलं. आफ्रिकेतल्या सान लोकांच्या चित्रांच्या बाबतीत त्याला चांगला आधार आहे, कारण तिथे त्या लोकांच्या परंपरांची नोंद आहे. युरोपात ती नोंद नाही.

माझी बाजू स्पष्ट सांगतो. तीस हजार वर्षं आणि कितीतरी खंड यांना एकच कारण शोधणं मुळातच चूक आहे. शोव्हे आणि लास्को यांच्यात पंधरा हजारांच्या आसपास वर्षं आहेत. त्यांच्यामध्ये भाषा, देव, गोष्टी किती वेळा बदलल्या असतील. आपण घराच्या भिंतीवर काढतो ते देवाचं चित्र, मुलाची उंची मोजायची रेघ आणि लग्नाच्या वेळची सजावट यांना एक कारण देत नाही.

याचा अनुभव भारतातल्या शैलाश्रयांत रोज येतो. मध्य प्रदेशात भीमबेटका. 1957 साली विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने जाताना त्यांना दूरवर हे खडक दिसले, त्यांना युरोपातल्या शैलाश्रयांची आठवण झाली, आणि ते शोधत तिथे गेले. पुढे वाकणकर आणि डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी तिथे उत्खनन केलं. 2003 साली हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत आलं. इथे खोल अंधार नाही. उघडे आडोसे, दिवसाचा उजेड, आणि त्याखाली माणसं प्रत्यक्ष राहत होती. युरोपात माणसाची आकृती दुर्मीळ, इथे ती जागोजाग आहे: हातात हात धरून नाचणारी रांग, धनुर्धारी, ओझी वाहणारी माणसं. मध्य भारतातल्या आडोशांमध्ये पोळ्यातला मध काढतानाचीही दृश्यं आहेत. बहुतेक चित्रं मध्याश्मयुगापासून पुढची. त्यांच्यावर ताम्रपाषाणयुगातली, त्यांच्यावर घोडेस्वार आणि तलवारी असलेली ऐतिहासिक काळातली. एका जागी मी नऊ थर वेगळे करू शकलो. आधीच्यांनी काढलं तिथेच नंतरच्यांनी काढलं, शेजारी कोरी जागा असूनसुद्धा. त्या जागेचं महत्त्व पिढ्यान्‌पिढ्या लोकांना सांगितलं जात होतं, एवढं मी थरांवरून ठामपणे म्हणू शकतो. कोणत्या शब्दांत सांगितलं जात होतं, ते थर सांगत नाहीत.

बाईंनी वयाबद्दल विचारलं आहे, तर तेही. कोळशाने काढलेलं असेल तर त्यातल्या कार्बन-14 वरून वय काढता येतं, अंदाजे 50,000 वर्षांपर्यंत. पण ते वय झाड मेलं तेव्हाचं. जुना कोळसा उचलून नंतर कोणी काढलं असेल तर फसगत होऊ शकते. गेरूत कार्बन नसतो, तिथे ही पद्धत चालत नाही. मग भिंतीवरून झिरपणारं पाणी कामी येतं. चुनखडीच्या गुहेत चित्रावर हळूहळू चुन्याची पापडी धरते. पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणून पापडी धरताना तिच्यात युरेनियम असतं, थोरियम नसतं. पुढे युरेनियमचं किरणोत्सर्गामुळे थोरियम होत जातं. आज दोघांचं प्रमाण मोजलं की पापडी केव्हा धरली ते कळतं. चित्र तिच्या खाली आहे, म्हणजे ते त्याहून जुनं. म्हणून बातम्यांत ‘किमान’ हा शब्द येतो, तो गाळू नका. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर याच पद्धतीने 2014 साली हाताच्या एका आकृतीचं वय किमान 39,900 वर्षं निघालं, आणि 2024 साली लेआंग कारामपुआंग इथल्या रानडुक्कर आणि माणसासारख्या तीन आकृत्या असलेल्या चित्राचं किमान 51,200. चित्रकला युरोपात जन्मली हे जे शिकवलं जायचं, ते या पापड्यांनी संपवलं.

स्पेनमधल्या तीन गुहांमधल्या खुणांना 2018 साली याच पद्धतीने किमान 64,000 वर्षं वय देण्यात आलं. तेव्हा तिथे आपली जात पोचलेली नव्हती, म्हणजे काढणारे निअँडरथल, आपल्याहून वेगळी आणि आता नामशेष झालेली माणसं. यावर वाद आहे. पापडीतून युरेनियम धुवून गेलं तर ती आहे त्यापेक्षा जुनी दिसते, असा आक्षेप आहे. मला निअँडरथलांनी खुणा केल्या असतील हे अशक्य वाटत नाही. फ्रान्समधल्या ब्रुनिकेल गुहेत 300 मीटरहून आत लवणस्तंभ तोडून रचलेली वर्तुळं आहेत, 1,76,000 वर्षांपूर्वीची, तेव्हा युरोपात तेच होते. खोल अंधारात काहीतरी करायला जाणं आपल्याआधीच सुरू झालं होतं.

वयाच्या बाबतीत घाई किती महाग पडते याचं उदाहरण भीमबेटक्याचंच आहे. 2021 साली तिथल्या एका आडोशाच्या छतावर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया जीवाचा जीवाश्म सापडल्याची बातमी जगभर गेली. दुसऱ्या अभ्यासकांनी जाऊन पाहिलं, तर ते मधमाश्यांच्या पोळ्याचे सुकलेले अवशेष होते. आधीच्या अभ्यासकांनी चूक मान्य केली, हे मात्र कौतुकाचं. चूक मान्य करायला आमच्या क्षेत्रात पूर्वी फार वेळ लागला आहे. 1879 साली मार्सेलिनो दे साउतुओला आल्तामिरात जमीन उकरत असताना त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने, मारियाने, वर पाहिलं आणि छतावरचे बैल दिसल्याचं सांगितलं. वडिलांनी पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केलं. तज्ज्ञांनी हसून झिडकारलं, बनावटीचा संशयही घेतला. झिडकारणाऱ्यांपैकी एमिल कार्तायाक यांनी आपलं चुकल्याची जाहीर कबुली दिली ती 1902 साली. साउतुओला 1888 मध्येच गेले होते. भारतात त्याहीआधी, 1867-68 मध्ये, आर्चिबाल्ड कार्लाइल यांना मिर्झापूरच्या बाजूच्या डोंगरांत रंगवलेले आडोसे दिसले होते आणि त्यांनी ते प्राचीन मानले होते, पण त्यांची टिपणं वेळेवर छापलीच गेली नाहीत.

शेवटी दोन गोष्टी, शाळेची सहल कधी अशा ठिकाणी नेलीत तर. चित्रावर पाणी मारू देऊ नका. रंग उठून दिसतो म्हणून लोक बाटलीतलं पाणी शिंपडतात. पाणी सुकताना क्षार वर आणतं आणि पांढरट थर धरतो. एका आडोशात फोटो चांगला यावा म्हणून कोणीतरी हरणांच्या कडा खडूने गिरवलेल्या मी पाहिल्या. खडू पुसताना खालचा गेरूही गेला, आणि ती शिंगं आता फक्त माझ्या जुन्या नोंदीत आहेत. फोटोवर संगणकात रंग ताणून फिकट चित्र वर आणता येतं, भिंतीला हात लावायची गरजच नाही. लास्को 1948 मध्ये लोकांसाठी उघडली, 1963 मध्ये बंद करावी लागली. दिवसाला हजाराहून अधिक माणसांचे श्वास, दमटपणा आणि दिव्यांचा उजेड यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ आणि पांढरे क्षार आणले होते. आज लोक तिची हुबेहूब प्रतिकृती पाहतात, आणि मला ते योग्य वाटतं.

आणि तक्ता बदलायचा असेल तर आधी मुलांकडून करून घ्या. वर्गाच्या खिडक्या झाका, एकच दिवा एका बाजूला ठेवा. चुरगळलेला जाड कागद भिंतीला लावा आणि त्यात कुठलं जनावर दिसतं ते शोधायला सांगा, दिसल्यावर कोळशाने तेवढंच पुरं करायचं. मग गेरू पाण्यात पातळ कालवून द्या. रंग तोंडात घ्यायला लावू नका. दोन छोट्या नळ्या काटकोनात धरून एकीतून फुंकलं की दुसरीतून वर चढलेला रंग उडतो. हात कागदावर ठेवून भोवती फुंकायला सांगा. कोणता हात ठेवायचा ते मात्र सांगू नका. बहुतेक मुलं आपोआप डावा ठेवतील, कारण उजव्या हातात नळी असेल. अर्जेंटिनातल्या ‘हातांची गुहा’ या ठिकाणी हजारो वर्षांपूर्वीचे शेकडो हात आहेत, आणि त्यांतले बहुतेक डावे आहेत.